इथलं की लांबचं

"आणि म्हणूनच मला याच कामात पडायचंय," ताईने लॅपटॉपसमोर वाक्य संपवलं आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच धरून ठेवलं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातला पायजमा. गाल दुखायला लागले होते.

स्पीच थेरपीच्या पुढच्या शिक्षणासाठी तिची ही पाचवी मुलाखत होती, आणि पाचही ठिकाणी तिने हीच गोष्ट सांगितली होती. धाकटा भाऊ लहानपणापासून बोलताना अडतो. शाळेत पोरं चिडवायची, ही त्यांच्याशी भांडायची. आता तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो, कारण तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. पहिल्यांदा सांगताना तिचा गळा खरंच दाटून आला होता. आता तो कुठे दाटायचा हे ठरून गेलं होतं आणि तो बरोबर तिथेच दाटायचा. तिची तिलाच लाज वाटे. पण दिवसभर स्पीच थेरपीच्याच एका दवाखान्यात मदतनीस म्हणून राबून आल्यावर नवं काही सुचायला अंगात त्राण तरी हवं ना!

पडद्यावरच्या विभागप्रमुख बाईही दमलेल्याच दिसत होत्या. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आमच्याकडून हो समज. उद्यापर्यंत तुझं काय ते कळव," त्या म्हणाल्या आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "तू हे शिकणार, त्याबद्दल भावाला काय वाटतं गं?"

हा प्रश्न आधीच्या चार ठिकाणी कुणी विचारला नव्हता.

"त्याला? आनंदच आहे," ताई म्हणाली. हे खरं की खोटं ते तिलाही ठाऊक नव्हतं. बाई "बरं" म्हणाल्या आणि पडदा काळा झाला.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भाऊ ओट्याशी चहा गाळत होता. मधली भिंत नावालाच होती.

"ऐकलंस?"

"पाचही," तो म्हणाला. "चौथी जास्त बरी झाली होती."

ताई हसली, पण आवाज काही फुटला नाही. स्टुलावर बसत म्हणाली, "मिळालं रे इथलं कॉलेज. आता घरीच राहता येईल. तुझ्याकडेही लक्ष..."

"मी आता मागे नसतो."

"कुठे मागे?"

"दुकानात," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द अडला. ओठ घट्ट मिटले, हनुवटी किंचित वर गेली. ही शांतता ताईला जन्माची ओळखीची होती आणि ती तिला आजवर कधी सोसवली नव्हती.

"काढून टाकलं तुला?" तिने घाईघाईने विचारलं.

त्याने गाळणी खाली ठेवली. मग त्याने वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं. "दुकानात आता मी काउंटरवर असतो. गिऱ्हाइकांशी बोलतो. दोन महिने झाले."

"दोन महिने! आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगायला घेतलं होतं. जेवताना. मी म्हटलं, मालक मला... तर तू म्हणालीस, ओरडतो का? आणि मग जेवण संपेपर्यंत तूच मालकाला शिव्या देत होतीस."

ताईला आठवलं. त्या दिवशी आपण भावाच्या पाठीशी किती खंबीरपणे उभं राहतो असं वाटून तिला छान झोप लागली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई मुलांच्या आयांना रोज बजावायच्या, थांबा, त्याचं त्याला बोलू द्या. ताई बाजूला उभी राहून मान डोलवायची.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावाने चहाचा कप तिच्या हातात दिला आणि स्वतःचा घेऊन ओट्याला टेकला.

"मग मी काय करू?" तिने विचारलं. "इथलं घेऊ की लांबचं?"

लांबच्या कॉलेजने मागच्याच आठवड्यात होकार कळवला होता. तिथे पेशंट भरपूर, शिकवणारी माणसं नावाजलेली, पण रात्रभर गाडीत बसावं तेव्हा ते गाव यायचं. ताईने ते मनातून कधीच बाद केलं होतं. भावाने 'इथलं' म्हणावं असं तिला जीव तोडून वाटत होतं. घरी आपली गरज आहे, या एका गोष्टीवर तिची पाचही उत्तरं उभी होती.

भावाने तोंड उघडलं. जीभ वर गेली, वरच्या दातांमागे टेकली आणि तिथेच अडकली. मानेची शीर ताठ झाली.

इतकी वर्षं दवाखान्यात जिभा बघितलेल्या ताईला कळलं, 'इथलं' म्हणायला जीभ तिथे जात नाही. शब्द तिला स्वच्छ दिसत होता. तो त्याच्याआधी म्हणून टाकला असता तर दोघंही सुटली असती. तिने कप दोन्ही हातांनी धरला, ओठ आवळले आणि ती थांबली. चहावर साय धरली.

"लांबचं," तो म्हणाला.

ताईचे डोळे भरून आले. या वेळी ते कुठे भरायचे हे तिने ठरवलेलं नव्हतं.

भावाने बाहीने कपाळ पुसलं. "सुट्टीला ये मग," तो म्हणाला. "सगळं सांगेन."