मार्केट सर्कलची आराबा मावशी

"मागे घे! तू नाही रे, तुझ्या मागची टॅक्सी!"

आराबा मावशीने शिट्टी फुंकली आणि टोमॅटोच्या ट्रकसमोर हात आडवा धरला. ट्रक कचकन थांबला. त्याच्या मागे पार बंदराच्या रस्त्यापर्यंत हॉर्नचा कल्लोळ उठला.

टाकोराडी या बंदराच्या गावातला बाजार गोल आहे. त्याच्याभोवती रस्ता फिरतो आणि गावातले सगळे रस्ते त्यालाच येऊन मिळतात. सकाळी मासळीवाल्या आणि रताळीवाल्या रस्त्यावर पसरल्या की गाड्यांना मुंगीची चाल येते. वाहतूक पोलीस एबो क्वान्साची इथे नवीनच बदली झाली होती. पहिल्याच दिवशी तो भांबावून गेला. ठाण्यातून निघताना साहेबांनी त्याला एवढंच सांगितलं होतं, "आराबाचं ऐक. फुकट राबते बिचारी."

"मावशी, सोड की आता!" ट्रोट्रोचालक एशुनने आपल्या प्रवासी व्हॅनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "इथंच म्हातारा होईन मी."

"हो की. म्हातारपणी तरी अक्कल येईल."

गाडीतली माणसं हसली. मावशी वाकली आणि खिडकीतून अगदी मागच्या बाकापर्यंत नजर टाकत तिने विचारलं, "बरे आहात ना सगळे? मागं कोण बसलंय? उकडतंय का फार?"

ती प्रत्येक गाडीशी अशीच वाकायची. कुणाच्या आईची चौकशी करायची, कुणाच्या लेकराच्या गालाला हात लावायची. त्यामुळे तासभर अडकलेला माणूसही तिच्यावर चिडत नसे. कुणी पैसे पुढे केले तर ती हात मागे घ्यायची. दुपारी मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा, केंकेचा एक गोळा आणि तळलेला मासा खाल्ला की पुन्हा चौकात उभी.

"तिची पोरगी इथंच गाडीखाली गेली," एशुनने एकदा एबोला हळूच सांगितलं. "मान्सा. एवढीशी होती. तेव्हापासून उभी आहे बघ. दुसऱ्या कुणाचं लेकरू जाऊ नये म्हणून."

त्या दिवसापासून एबो तिच्याशी बोलताना टोपी काढू लागला.

कधीकधी त्याला वाटायचं, मावशी दोन बाजू एकदमच सोडते. एकदा तो भीतभीत म्हणालाही, "मावशी, आधी बंदराची बाजू मोकळी करू या का?"

"मी इथं उभी राहिले तेव्हा तू रांगत होतास," ती म्हणाली. एबो पुन्हा आपल्या बाजूला गेला. तिला या चौकाची नस ठाऊक होती. आपल्याला काय कळतंय?

मग तो शुक्रवार आला. इथे अंत्ययात्रा शनिवारी निघतात; त्यांत नेसायचं लाल-काळं कापड घ्यायला सगळं गाव बाजारात लोटलं होतं. दुपारच्या उन्हात एका टॅक्सीतून बाई ओरडू लागली, "अहो, जाऊ द्या! माझ्या वडिलांना दम लागलाय! दवाखान्यात न्यायचंय!"

एबो धावला. पुढे ट्रक, मागे ट्रोट्रो, बाजूला रताळ्यांची हातगाडी. तो ओरडला, बॉनेटवर हात आपटले, हातगाडी स्वतः ढकलली. टॅक्सी हातभर सरकली आणि पुन्हा अडली. लोकांनी म्हाताऱ्याला उचलून न्यायचं ठरवलं, पण दरवाजा उघडायलाही जागा नव्हती.

मावशी नेहमीसारखी खिडकीशी वाकली. म्हाताऱ्याचं डोकं लेकीच्या खांद्यावर कलंडलं होतं. डोळे उघडे होते. लेक अजून त्याच्या छातीवर हात फिरवत होती, "बाबा, आलंच आता, आलंच."

मावशीच्या तोंडातली शिट्टी गळून पडली.

संध्याकाळपर्यंत ती गटाराच्या कठड्यावर बसून होती. पाणी दिलं तर प्याली नाही. मासळीवाल्या डोळे पुसत म्हणाल्या, "किती जीव लावते गं माणसांना!"

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही.

एबो एकटाच उभा राहिला. शनिवारी-रविवारी बाजार थंडच होता. सोमवारी सकाळी गर्दी परत लोटली. त्याने बंदराची बाजू सोडली, मग बाजाराची, मग स्टेशनची. एका वेळी एकच. बाजार ऐन भरात असतानाही गाड्या पाण्यासारख्या वाहत होत्या. मंगळवारीही तसंच झालं. एशुन न थांबता हात हलवत निघून गेला. साहेबांनी एबोची पाठ थोपटली. एबोला मात्र घास गोड लागेना.

संध्याकाळी केंके आणि मासा घेऊन तो तिच्या खोलीवर गेला. मावशी दारातल्या ठोकळ्यावर बसली होती. चूल थंड होती. चार दिवसांत ती निम्मी झाली होती.

"खाऊन घ्या, मावशी."

तिने पुडी मांडीवर ठेवली, उघडली नाही.

"एक विचारू? रागावू नका." एबोने टोपी हातात घेतली. "तुम्ही नव्हता तर... रस्ता अडलाच नाही. दोन्ही दिवस."

"नाही अडायचा."

"म्हणजे?"

"मीच अडवत होते." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "तो म्हातारा माझ्यामुळं गेला, एबो. त्याच्या लेकीला सांग. मला बांधून न्यायचं असेल तर ने."

एबो तिच्यासमोर खाली बसला. "पण का, मावशी? मान्सा तर तिथंच गाडीखाली..."

"लोक म्हणतात तसं. मी कधी नाही म्हटलं नाही." तिने पदराच्या टोकाने ओठ पुसले. "गाडीखाली नाही रे गेली ती. मी मीठ घ्यायला वळले, तेवढ्यात कुणीतरी तिला उचलून गाडीत घातलं. मागच्या बाकावर काचेला हात लावून रडत होती. मी धावले. खूप धावले. पण त्या दिवशी रस्ता अगदी मोकळा होता."