जाड तार

गॅरेजवाल्यानं चौथी तार खुंटीला गुंडाळली आणि पिळत नेली. तार जाड, त्यात नवी. सारखी उतरत होती. त्यानं तिला एक शिवी हासडली आणि पुन्हा पिळली.

त्याच्या हातातलं बॅरिटोन युकुलेले म्हणजे गिटारचं धाकटं भावंड. चारच तारा. आजवर चौथीच्या जागी तो बारीक तार लावायचा, चांगली वर चढवून. कारण गायची त्याची बायको. हा मागं नुसता झणकार धरायचा. नात्यात कुणाचंही लग्न असो, या दोघांचं एक गाणं ठरलेलं.

मग बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज पार खाली बसला. तिनं फोन उचलला की पलीकडचा म्हणायचा, "साहेब, जरा बाईंना द्या." ती म्हणायची, "बाई आंघोळीला गेल्यात," आणि ठेवून द्यायची. स्वतःच हसायची. गाण्याचं नाव मात्र तिनं काढलं नाही. त्यानंही नाही.

रविवारी भाचीचं लग्न. लोक हिला हसले तर? म्हणून पठ्ठ्यानं टायरांच्या ढिगात बसून अख्खं गाणं एकट्याच्या हातात बसवलं. चाल पहिल्या तारेवर, अंगठा जाड चौथीवर. गाणाऱ्याची गरजच नाही.

बायको पडद्याला टाके घालत होती. तिच्यापुढं बसून त्यानं वाजवून दाखवलं. कुठं अडखळला नाही.

"चौथी बदलली वाटतं?" तिनं विचारलं.

"हो, जाड घातली. कसा भारदस्त लागतो ना सूर? आता रविवारी तू निवांत जेवायला बस. तुला कशाला त्रास?"

तिनं सुई पडद्यात खोचली.

"तार जाड झाली की भारदस्त. आणि बायकोचा आवाज जाड झाला की बस जेवायला. वा हो वा!"

गड्याचा चेहरा हवा गेलेल्या ट्यूबसारखा झाला. तो जाड तार सोडवायला लागला. तिनं त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या ती. चारही जरा खाली घ्या."

त्यानं घेतल्या. तिनं घशातल्या घशात सूर लावून बघितला.

"अजून."

त्यानं अजून घेतल्या. तारा सैल पडल्या, खोल बोलायला लागल्या. तिनं पडदा मांडीवरून बाजूला सारला.

"हं, करा सुरू," ती म्हणाली. "आणि पहिल्या तारेवरची चाल सोडा. तिथं मी आहे."