मीठ ग-सातमध्ये

गॅसवर डाळ रटरटत होती. तिने तिकडे लक्ष ठेवूनच फडताळाचं दार उघडलं आणि न बघता उजवीकडे हात घातला. मिठाची बरणी हाताला लागलीच नाही. लागलं ते एक गुळगुळीत झाकण, त्याच्या शेजारी तसंच दुसरं, आणि पुढे तिसरं.

तेव्हा कुठे तिने मान वळवली. एका मापाचे चाळीस पांढरे डबे, सगळ्यांना निळी झाकणं, सगळे शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे. प्रत्येकावर चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरांत क-१, क-२, ख-५. ती चार दिवस बहिणीकडे काय गेली! सकाळी घरात पाऊल टाकलं तेव्हा डाळ-तांदूळ ओट्यावर आयते काढून ठेवलेले दिसले होते. कधी नव्हे ते नवऱ्याला सुचलं म्हणून ती मनातून सुखावलीही होती.

"अहो! मीठ कुठंय?"

तो दारात उभाच होता, शाबासकीची वाट बघत. "ग-सात," तो म्हणाला. "वजनदार माल खालच्या फळीवर."

"आणि यावर नुसते आकडे का? नावं लिहायला काय झालं होतं?"

"स्टोअरमध्ये नावं लिहीत नाहीत गं. नाव लिहिलं की जो तो हात घालतो."

तेहतीस वर्षं तो कारखान्याच्या स्टोअरचा स्टोअरकीपर होता. त्याच्या खिडकीतून साधा खिळा मिळवायचा, तरी माणसाला आधी त्याच्यासमोर उभं राहावं लागे. रिटायर होऊन दोन महिने झाले होते आणि या दोन महिन्यांत त्याला कुणी काहीच मागितलं नव्हतं. हे तिला दिसत होतं. एरवी तिला वाईटही वाटलं असतं.

"जो तो म्हणजे कोण?" तिने विचारलं. "या घरात दोन माणसं आहेत. म्हणजे मीच ना?"

"तसं नाही. पद्धत म्हणून सांगतोय." त्याने शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "ही यादी. कशात काय आहे ते."

तिने हात पुढे केला. त्याने कागद परत खिशात ठेवला.

"एकच प्रत असलेली बरी. दोन झाल्या की घोळ होतात. सुरुवातीला मला विचारत जा. नाहीतर काय लागणार ते आदल्या दिवशी लिहून दे, मी सकाळी काढून ठेवीन. आज ठेवलं होतं ना, तसं. फक्त लेखी दे, तोंडी मागणी चालत नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे सकाळचे ते डाळ-तांदूळ प्रेमाने काढून ठेवलेले नव्हते, मोजून दिलेले होते.

"माझ्या बरण्या कुठे आहेत?"

"त्या भंगारात दिल्या. काय अवतार होता एकेकीचा! एकीचं झाकण दुसरीला लागत नव्हतं."

"कुठलं कशाला लागतं ते मला माहीत होतं!" तिचा आवाज चढला. "चेपलेल्या झाकणाची मिरीची, आणि टवका उडालेली मिठाची. ती उजव्या हाताला, कारण डाव्या हाताने मी ढवळते. इतकी वर्षं मी इथे डोळे मिटून स्वयंपाक केला. तुम्ही पाणी प्यायला यायचात, तेही भांडं कुठंय विचारत! आणि आता माझ्याच घरात चिमूटभर मिठासाठी मी तुमच्यापुढे हात पसरू?"

"अगं, पण किती नीटनेटकं दिसतंय बघ तरी."

तिने बघितलं. खरंच नीटनेटकं दिसत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. कुणी आलं-गेलं असतं तर त्याचंच कौतुक करून गेलं असतं.

तिने गॅस बारीक केला, हात पुसले आणि त्याला वळसा घालून ती सरळ बाहेर आली. खिडकीजवळ त्याची आरामखुर्ची होती. खुर्चीवर पेपर होता, शब्दकोडं वर येईल असा घडी घातलेला, आणि त्यावर त्याचं पेन. त्या कोड्याला लग्नापासून दुसऱ्या कुणी हात लावलेला नव्हता. ती खुर्चीत बसली आणि तिने पेनाचं टोपण काढलं.

"अगं, डाळ?" आतून आवाज आला.

"यादी तुमच्याकडे आहे."

आत एक झाकण उघडल्याचा आवाज आला. मग चमचे ठेवतात तो खण ओढल्याचा, मग दुसराच एक खण ओढल्याचा. डाळ खाली लागत चालल्याचा वास बाहेरपर्यंत आला. तिची बोटं शिवशिवली, पण ती उठली नाही.

शेवटी तो दारात आला. एका हातात ग-सात, दुसऱ्या हातात चमचा. तेवढ्यात घाम फुटला होता त्याला.

"सापडलं मीठ," तो म्हणाला. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "पण घालायचं किती?"

तिने पेपरमधून डोकं वर काढलं नाही.

"तोंडी मागणी चालत नाही," ती म्हणाली.

त्याने डबा काखेत धरला आणि सवयीने खिसा चाचपला. खिशात यादी होती. पेन तिच्या हातात होतं, आणि ती त्याच्या कोड्यातला एकेक चौकोन शांतपणे भरत होती.