मेजरची कॉफी
लष्करी विमानतळावरचा आग विझवायचा फेस विषारी होता आणि तो गावच्या पाण्यात मुरलाय, असं परवा रेडिओवर सांगितलं. आज मेजर सिक्स्टन माझ्या नवऱ्याला, टोर्वाल्डला भेटायला आले. त्यानं त्यांच्याच हुकमावरून वर्षानुवर्षं सरावात तो फेस फवारला. आता किडनीच्या कॅन्सरनं अंथरुणाला खिळलाय. “आम्हालाही परवाच कळलं रे,” मेजर म्हणाले. टोर्वाल्डनं त्यांचा हात धरला. “तुमचा काय दोष, मेजर.” मी कॉफी ओतली. इकडे स्वीडनमध्ये, आमच्या स्मोलांड भागात तर कॉफीला कुणी नाही म्हणत नाही. एकटे मेजर, आमच्या लग्नापासून, दर वेळी कप मागं सरकवायचे. आजही सरकवला. “नको गं, पित्त होतं.” “विकतच्या पाण्याची केलीय,” मी म्हटलं. “असं होय,” म्हणत त्यांनी कप ओढला, चवीनं संपवला, वर दुसरा मागितला. टोर्वाल्ड रिकाम्या कपाकडे बघत राहिला. मग त्यानं हात सोडला.