शाबूत नगारा

बादशहाच्या अंमलदाराने नगाऱ्यावर टिचकी मारली, जरा वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "कापायचा कशाला? छान वाजतोय की."

तोमो हातात छिन्नी धरून तसाच बसून राहिला. सकाळपासून तो राजाच्या अंगणात बसला होता. दियनच्या मुलखात रीत ठरलेली. जे गाव हरेल त्याच्या काशाच्या नगाऱ्याचं तोंड कापून काढायचं, पोकळ धडात कवड्या भरायच्या आणि ते धड जिंकणाऱ्याच्या घरात मांडायचं. तो नगारा पुन्हा बोलत नाही. राजाच्या ओसरीवर अशी सतरा धडं ओळीने उभी होती. शेवटची पाच खुद्द तोमोने कापलेली, आणि दर वेळी त्या गावच्या बायका केस मोकळे सोडून रडल्या होत्या. आता पाळी आपली. चीनच्या हान बादशहाची फौज तळ्याकाठी उतरली, राजाने गुडघे टेकले, मग राहिलं काय? हा नगारा तोमोच्या आजोबांनी ओतलेला. परक्या हातांनी त्याची चिरफाड करू नये, एवढ्यासाठी म्हातारा आपण होऊन आला होता.

"ठेवा तुमच्याकडेच," अंमलदार म्हणाला. माणूस वाईट नव्हता, बोलणंही मऊ होतं. "दर बाजाराला तळ्याकाठी वाजवा. लोक जमले की आमचा कारकून हुकूम वाचेल. घरटी एक माणूस, रस्त्याच्या कामाला. उद्यापासूनच सुरू करा."

तो गेला आणि अंगणात आनंदीआनंद झाला. कुणी राजाच्या पाया पडलं, कुणी नगाऱ्याच्या. राजा कोवळाच होता. कमरेला बादशहाने धाडलेला सोन्याचा शिक्का लटकत होता. त्याने डोळे पुसले.

"तोंड शाबूत आहे, तोमोबाबा. म्हणजे आपण हरलो नाही."

"होय, महाराज," तोमो म्हणाला. दुसरं काय म्हणणार, कप्पाळ?

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या वेळी त्याची धाकटी बहीण आन्ये तळ्याकाठी नगाऱ्यापाशी बसली होती. चाळीस वर्षं तो तिच्याच हातचा. पेरणीला तिनेच वाजवायचा, शपथेला तिनेच, लढाईलाही तिनेच. आज मात्र टिपरू मांडीवर तसंच पडलं होतं. पलीकडे कारकून हुकूम लिहिलेल्या बांबूच्या पट्ट्या उलगडून उभा होता.

"वाजव की," तोमो म्हणाला.

"याची हाक ऐकली की माणसं भरल्या ताटावरून उठून यायची, दादा. आजही येतील." ती तळ्याकडे बघत राहिली. "आणि ऐकतील काय?"

तोमो तिच्याशेजारी टेकला.

"ओसरीवरच्या त्या सतरा धडांची मला फार कीव यायची. आता वाटतं, नशीबवान होती बिचारी. आपल्याला त्यांची भीती होती, म्हणून तोंडं कापली. आणि आपल्याला? टिचकी मारून सोडून दिलं."

तोमोने कमरेची छिन्नी काढली. हानांच्याच व्यापाऱ्याकडून घेतलेली, चांगल्या लोखंडाची.

"घट्ट धर," तो म्हणाला.

आन्येने नगाऱ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. पहिला घाव बसला आणि नगारा असा घुमला, की पलीकडच्या काठावरच्या होड्या पाण्यात आल्या. लोकांना वाटलं, बोलावणं आलं. तोमो कडेकडेने घाव घालत गेला. डोळ्यांतलं पाणी काशावर पडत होतं, पण रेघ कुठे वाकडी गेली नाही. अर्ध्यावर आवाज चिरकला. पुढे हंडा बडवावा तसा बद्द झाला. होड्या काठाला लागल्या तेव्हा तो आवाजही थांबला होता.

लोक वर आले. कापलेलं तोंड गवतावर पडलं होतं, त्यावर कोरलेला सूर्य आभाळाकडे. एका बाईने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि अंबाडा सोडला. मग दुसरीने, मग सगळ्यांनीच.

"अहो, हे काय केलंत?" कारकून धावत आला. "आता माणसं जमवायची कशी?"

आन्येने गळ्यातली कवड्यांची माळ तोडली, पोकळ धडात ओतली आणि ते धड त्याच्यापुढे सरकवलं.

"हे ने तुझ्या साहेबाकडे," ती म्हणाली. "आम्ही हरलोय, म्हणावं."