मुळासकट

"फुमिए, माझ्या पामला पाणी घातलंस?" तोकुजी हॉस्पिटलच्या खाटेवरून लेकीला रोज विचारत.

"घातलं, बाबा. बरे व्हा, नि घरी येऊन स्वतःच बघा."

कुंडी इथे आणायचा विषय ती काढूच देत नसे. मुळासकट झाड उशाशी आलं की दुखणंही मूळ धरतं, हे त्यांच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भेटायला येणारे कापलेली फुलंच आणत.

आज फुमिए कुंडी कवटाळून आत आली. मोठ्या सिस्टरनी अडवलं नाही; उलट खिडकीपाशी जागा करून दिली.

तोकुजींनी मातीत बोट खुपसलं. मग पंज्यासारख्या पानाची सातही बोटं ओल्या रुमालानं एकेक करून पुसली.

"पाणी जास्त घालतेस तू," ते म्हणाले. "आणि डॉक्टर काय बोलले, ते सांगू नकोस. कळलं मला."