वर चला

"घाबरला हा, आणि परीक्षा माझी बुडाली!" बोटीवर चढल्या चढल्या आसावरी कडाडली.

टेक्निकल डायव्हिंगच्या सर्टिफिकेटसाठीची शेवटची बुडी चालू होती, आणि खोल तळाशी तिचा जोडीदार बस्त्याव याने अंगठा दाखवला होता. अंगठा म्हणजे वर चला. तो कोणीही दाखवावा, दुसऱ्याने कारण न विचारता निघावं, हा त्यांचे प्रशिक्षक तांडेल सरांनी पहिल्याच दिवशी घालून दिलेला नियम. तरी तिने नकारार्थी मान हलवली होती. मग हा तिच्या मागे गेला, तिच्या सिलिंडरला हात घातला आणि पुन्हा अंगठा नाचवला. ती चरफडत निघाली. वर येईपर्यंत त्याने तो हात काढला नाही.

"लहान पोरासारखा पाठीला चिकटून आला, सर!"

बोटीवरचे सगळे हसले. बस्त्याव पायातल्या फिन्सचे पट्टे सोडवू लागला.

तिच्या पाठीवरचे जोडसिलिंडर उतरवताना सर थांबले. "डावी तोटी कोणी बंद केली?"

"मी," बस्त्याव म्हणाला. "तिथून श्वासाचा गॅस भसाभसा सुटत होता. पाठीमागचं तिला कसं दिसणार?"

सरांनी तोटी जराशी उघडली. फस्सकन आवाज आला. आता कोणीच हसलं नाही.

"उद्या पुन्हा उतरायचंय. जोडीदार बदलून हवा?" सरांनी त्याला विचारलं, तिला नाही.

आसावरीची नजर ओल्या फळ्यांवरून उठेना.

"नको," तो म्हणाला. "फक्त मी अंगठा दाखवला की वर यायचं, एवढं तिला सांगा."